पार्वतीबाईंचं सोवळं

मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलायला सोळा वर्षं लागली. पार्वतीबाईंच्या सोवळ्याचं नाव बदलायला दहा. पहिल्यासाठी मोर्चे निघाले, गाड्या अडल्या, गरिबांची घरं जळाली. दुसऱ्यासाठी आडावर पाणी शेंदणारी एक बाई अडून बसली, एवढंच. तरी पाथरीच्या त्या गल्लीला विचाराल तर दुसरं नामांतरही सोपं नव्हतं, कारण गल्लीला जुनंच नाव आवडत होतं.

पार्वतीबाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या दिनकरराव गुरुजींच्या पत्नी. माहेर पिंगळीचं, रेल्वे स्टेशनच्या मागचं. लहानपणी रुळांच्या खडीवर पडलेली चिंच उचलायची, परकराला पुसायची आणि तोंडात टाकायची, अशी ही मुलगी. हिच्या सोवळ्याचं उद्या तालुकाभर नाव होईल असं कुणी म्हटलं असतं, तर पिंगळीचे लोक पोट धरून हसले असते.

लग्न होऊन त्या पाथरीला आल्या तेव्हा घरात सासूबाईंचं, कस्तुराबाईंचं राज्य होतं. गल्लीतल्या रामाच्या देवळाचा नैवेद्य या घरातून जायचा आणि तो कस्तुराबाई ओलेत्याने रांधायच्या. त्या वेळी मांजर आडवं गेलं तरी मांजराच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण नैवेद्य गेला, पानं वाढून झाली, की त्या ओट्यावर फतकल मारायच्या, मांडीवर थाप मारून "झालं बाई एकदाचं!" म्हणायच्या, विडा तोंडात टाकायच्या आणि पाच मिनिटांत घोरू लागायच्या.

शहात्तर साली त्या गेल्या. जाताना सुनेचा हात धरून म्हणाल्या, "माझं सोवळं आता तुझ्याकडे. रामाच्या नैवेद्यात खोट येऊ देऊ नकोस." पार्वतीबाईंना वारशात सगळं मिळालं. लुगडं उंच वलणीवर टाकायची काठी मिळाली, तांब्याचे हंडे मिळाले, देवळाचा मान मिळाला. सासूबाईंचं ते "झालं" तेवढं मिळालं नाही.

पहिल्या वर्षी त्या हात तीनदा धूत. तिसऱ्या वर्षी घागरीचा काठ धुऊन मग हात, मग हात लागला म्हणून पुन्हा काठ. पाचव्या वर्षी सरपण धुऊन उन्हात घालू लागल्या, आणि त्यावर कुणाची सावली पडली की पुन्हा धुऊ लागल्या. गुळाची ढेपही धुतली. मीठ धुता येत नाही, ही रुखरुख मात्र त्यांना कायम राहिली.

आणि गल्ली? गल्ली धन्य झाली. शेजारच्या सत्यशीलाबाई, देवळाच्या पुजाऱ्यांच्या पत्नी, नव्या सुनांना मुद्दाम घेऊन यायच्या. "बघून घ्या गं, असं सोवळं आता कुठं दिसायचं नाही." दुखण्याला रोज कुणी हार घातला, तर ते दुखणं कशाला घर सोडील?

आतली गोष्ट एकट्या पार्वतीबाईंना ठाऊक होती. हात धुताना त्यांना राम आठवत नसे. त्यांना भीती आठवे. काठाला बोट लागलं, आता आपल्यामुळे अंबिकेला काहीतरी होणार, असं कुणीतरी आतून बजावत राही. अंबिका ही त्यांची एकुलती मुलगी. तिला काही होऊ नये म्हणून त्या धूत, आणि धुऊन झालेले हात विटाळू नयेत म्हणून तिलाच जवळ येऊ देत नसत. अंबिका नऊ वर्षांची होती तेव्हापासून तिची वेणी घातली ती घरी पाणी शेंदणाऱ्या सरजाबाईनं, आडाच्या कठड्यावर बसवून. पोर आईकडं बघत राहायची. आई दारात, ओल्या हातांनी, चार पावलांवर.

नवऱ्याला मात्र त्या दिवसातून पन्नासदा विचारत, "झालं का हो? स्वच्छ झालं का?" गुरुजी मायाळू माणूस. वही तपासता तपासता ते पन्नासदा म्हणत, "झालं गं, झालं." त्या "झालं"नं दोन मिनिटं बरं वाटे. मग पुन्हा हंडा.

हे सोवळं किती पाणी पितं हे फक्त सरजाबाईला माहीत होतं, कारण ते शेंदत होती ती. नवरा लवकर गेलेला, दोन एकर कोरडवाहू, म्हणून ती चार घरची धुणीभांडी करायची. तळहात दोरीनं असे झालेले की काटाही टोचायला कचरावा. कस्तुराबाईंच्या वेळेपासून ती या घरात होती.

शहाऐंशी सालच्या संक्रांतीनंतर अंबिकेचं पत्र आलं. ती सेलूला सासरी होती, चौथा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्यांना ठाऊक. पार्वतीबाई पत्राला हात लावत नसत. गुरुजींनी ते समोर धरायचं आणि त्यांनी उभ्यानं वाचायचं. त्या दिवशी गुरुजींचा अंगठा शेवटच्या ओळींवरून हलेना.

"अंगठा काढा."

"काही नाही गं, नमस्कार-बिमस्कार आहे."

"काढा म्हणते ना."

अंगठा निघाला. खाली लिहिलं होतं: 'बाबा, बाळंतपणाला मी इकडेच राहते. आईला सांगा, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय. खरं काय ते तुम्हाला माहीतच आहे. लेकरू रडलं तरी आई हात धुतल्याशिवाय त्याला घेणार नाही, आणि आईचे हात धुऊन होत नाहीत.'

पार्वतीबाई वळल्या. आडावर गेल्या आणि हात धुऊ लागल्या. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेही हातावर पडत होतं, आणि ते पडलं म्हणून पुन्हा धुणं चाललं होतं. सरजाबाईनं दोन हंडे ओतले, तिसरा ओतला. चौथ्याला तिनं पोहरा कठड्यावर ठेवला आणि दोरीवर बसली.

"काकू, आता पाणी देणार न्हाई."

"अगं, हात भरलेत माझे."

"कायनं भरलेत? मला तर नुसतं रगत दिसायलंय."

खरंच होतं. बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त आलं होतं. पार्वतीबाई कळवळून म्हणाल्या, "सरजा, माझ्या सोवळ्यात येऊ नकोस गं."

"हे सोवळं न्हाई, काकू. मोठ्या काकूंचं सोवळं म्या बघितलंय. त्या धुवायच्या अन् मोकळ्या व्हायच्या. तुमी धुवायलाव अन् आणखीच गुतायलाव. हे दुखणं हाय."

आवाज ऐकून गुरुजी बाहेर आले. जन्मात कधी न चढलेला त्यांचा आवाज चढला. "सरजाबाई, तोंड सांभाळा! माझ्या बायकोला वेडी म्हणता?"

सरजाबाई उठली नाही. "गुरुजी, माझ्या भावाला समद्यांनी येडाच म्हटलं. सिताराम, देवगाव फाट्याचा. त्यो बैलाच्या दाव्याची गाठ बघायचा. बांधायची, चार पावलं जायाचं, माघारी येऊन बघायची. फाट्यावर गाडी उभी राहायची, अन् ह्यो पुन्हा गोठ्याकडं पळायलाय. पोरांनी दगडं मारले, बायको माहेरी निघून गेली. दर्गा केला, देवरषी केला. त्याची गाठ अन् ह्यांचा हंडा, दुखणं एकच हाय. त्यो कुणब्याचा म्हणून येडा, अन् ह्या बामनाच्या घरच्या म्हणून सोवळ्याच्या!"

गुरुजींचा आवाज खाली आला. शेवटी त्यांनी विचारलं, "मग आता कसा आहे तो?"

"परभणीला एक डाक्टर येतो औरंगाबादहून, महिन्यातून दोनदा. त्याच्या गोळ्यानं बरा हाय. आता गाठ एकदाच बघतो." मग खरं बोलायची सवय म्हणून तिनं जोडलं, "कधी कधी दोनदा."

खरं तर पार्वतीबाईंना राग यायला हवा होता. मोलकरणीनं घराण्याच्या सोवळ्याला रोग म्हटलं होतं. पण त्यांना आला तो हुंदका, आणि तोही सुटकेचा. दहा वर्षं त्यांना वाटत होतं की आपली भक्तीच कमी पडते, आपल्यातच पाप आहे. दुखणं असेल तर ते पाप नव्हे. दुखण्याला औषध असतं. दोरीवर बसलेल्या त्या बाईचे पाय धरावेत असं त्यांना वाटलं, पण मधे चार पावलांचं अंतर होतं आणि ते ओलांडायची ताकद अजून नव्हती.

पुढच्या खेपेला तिघं एसटीनं परभणीला गेली. मानवतला जागा रिकामी झाली तरी पार्वतीबाई उभ्याच, दांडीला हात न लावता. सरजाबाई एका बाजूनं आणि गुरुजी दुसऱ्या बाजूनं भिंतीसारखे. दवाखान्यात बाकावर त्यांच्या आधी नंबर होता तो सुलाबाईचा. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत तिची दलित वस्ती जळाली होती. आठ वर्षं झाली तरी कुणाच्या चुलीचा धूर दिसला की तिच्या छातीत धडधडायचं आणि पाय पळायला लागायचे. पार्वतीबाई ते ऐकत राहिल्या. हिच्या लोकांच्या सावलीसाठी आपण सरपण धुतलं, हे त्यांना आठवलं आणि मान वर होईना. पेटवणारे मात्र त्या दवाखान्यातच काय, कुठल्याच दवाखान्यात कधी दिसले नाहीत. त्यांना कुणी वेडंही म्हटलं नव्हतं, कारण ते पुष्कळजण होते.

डॉक्टर तरुण होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गुरुजींनी आधीच बजावलं, "डॉक्टरसाहेब, ही वेडी नाही हो."

"वेडी म्हणजे काय, गुरुजी? तुम्ही शिकवता, तुम्हीच सांगा."

गुरुजींनी विचार केला. "चारचौघांपेक्षा वेगळं वागतं ते."

"तसं म्हटलं तर सगळे साधुसंत माझ्याकडे यायला हवेत. आणि चारचौघं चूक वागत असतील तर? मी वेगळेपणा मोजत नाही. मी एवढंच विचारतो, की जे चाललंय त्याचा माणसाला स्वतःला जाच होतो का, त्यानं रोजचं जगणं अडतं का, आणि थांबायचं म्हटलं तर थांबता येतं का." मग ते पार्वतीबाईंकडे वळले. "आई, धुऊन झाल्यावर मनाला कसं वाटतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पार्वतीबाई म्हणाल्या, "झालं असं वाटतच नाही हो. सासूबाईंना वाटायचं."

"तुमच्या सासूबाईंचं सोवळं होतं. तुमचा मंत्रचळ आहे. बघा, आपल्या जुन्या माणसांनी नावसुद्धा ठेवून दिलंय. फक्त ते दुखणं देवाच्या खोलीत शिरलं की आपल्याला ओळखू येत नाही."

गोळ्या मिळाल्या. त्यानं तोंड कोरडं पडायचं. पण खरं औषध दुसरं होतं. विटाळ वाटेल त्या वस्तूला मुद्दाम हात लावायचा आणि सूपभर ज्वारी निवडून होईपर्यंत हात धुवायचा नाही. भीती चढेल, चढू द्यायची. ती आपोआप उतरते. आणि घरातल्या कुणीही "झालं, स्वच्छ आहे" असं सांगायचं नाही. "गुरुजी, तुमच्या मायेनं बाईंना बरं वाटत नाही, आजाराला वाटतं," डॉक्टर म्हणाले. "तो त्याचा खुराक आहे."

घरी आल्यावर गुरुजींची जी परीक्षा झाली तशी त्यांनी शाळेतल्या पोरांची कधी घेतली नसेल. बायको रडवेली होऊन विचारायची, "एकदाच सांगा हो, झालं का?" आणि "झालं" जिभेवर येऊन उभं. शेवटी ते तोंडात सुपारीचं खांड धरून बसायला लागले. महिन्याभरात दाढ दुखायला लागली, पण शब्द आवरला.

सरजाबाईला सुपारी लागली नाही. पहिल्या दिवशी तिनं बाहेरच्या कडीला पार्वतीबाईंचं बोट लावलं आणि समोर सूप ठेवलं. पार्वतीबाईंना घाम फुटला, अंबिकेला काही झालं तर, काही झालं तर.

"सरजा, मी मरते गं."

"उधळल्या बैलामागं पळू न्हाई, काकू. पळालं की त्यो आणखी पळतो. बसून ऱ्हावा. दमला की आपूनच उभा ऱ्हातो."

अर्धं सूप निवडून झालं तेव्हा तो बैल दमला. पहिल्यांदाच दमला. पार्वतीबाईंनी आश्चर्यानं आपल्या न धुतलेल्या बोटाकडे पाहिलं.

सगळं असं सरळ गेलं नाही. चैत्रात, रामनवमीच्या आधी, सत्यशीलाबाई येऊन सांगून गेल्या की यंदा नैवेद्य त्यांच्याकडे होईल, "तुमचं सोवळं सुटलंय असं लोक म्हणतात, आमचं काही म्हणणं नाही." मान गेला. त्या दुपारी पार्वतीबाईंनी स्वतःच रहाट ओढला आणि हात सोलून निघेपर्यंत धुतले. सरजाबाई आली, बघितलं. रागावली नाही, समजावलंही नाही. सूप आणून ठेवलं, शेजारी बसली आणि दुसऱ्या बाजूनं ती स्वतःच ज्वारी निवडू लागली. तिची दोन घरची भांडी त्या दिवशी तशीच राहिली.

वैशाखात पार्वतीबाईंनी स्वतःच्या हातानं कार्ड लिहिलं, 'अंबू, ये.' आणि स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं.

ज्येष्ठात अंबिका आली. जुन्या सवयीनं ती दाराबाहेर उभी राहिली, आई लांबून पायावर पाणी टाकील म्हणून. पार्वतीबाई बाहेर आल्या त्या हातात फणी घेऊन. "बस," म्हणाल्या. "केस किती गुंतलेत बघ प्रवासात." अंबिका ओट्यावर बसली. आईची बोटं केसांत शिरली तशी ती एवढी थोराड गरोदर बाई नऊ वर्षांच्या पोरीसारखी हमसून रडली. वेणी वाकडी झाली, दहा वर्षं सवय नव्हती.

आषाढात सरकारी दवाखान्यात बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली. घरी आणल्यावर सहाव्या दिवशी ती न्हाऊन-माखून पार्वतीबाईंच्या मांडीवर निजली, आणि निजल्या निजल्या तिनं आजीचं लुगडं ओलं केलं.

घर थांबलं. अंबिका हात पुढे करून थांबली. गुरुजींनी सुपारीचा डबा चाचपला. आडावर सरजाबाईची दोरी हातातच राहिली. पार्वतीबाईंच्या कपाळावर घाम आला, ओठ हलले, विचारायला त्यांनी नवऱ्याकडे बघितलंही; पण विचारलं नाही. मांडी थरथरत होती, ती त्यांनी तशीच थरथरू दिली आणि नातीला थोपटत राहिल्या. सूप नव्हतं, म्हणून नातीचे श्वास मोजत बसल्या. पुष्कळ वेळानं त्यांनी दुसऱ्या हातानं मांडीवर हलकी थाप मारली.

"झालं," त्या म्हणाल्या. कुणाला विचारलं नाही, आपणच म्हणाल्या.

बारशाला गल्ली लोटली. पाळणा फुलांनी सजवला होता. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत पाळण्यावरून बाळ द्यायचं, तर पलीकडून घ्यायला सवाष्णच हवी, ही रीत. सत्यशीलाबाई पदर सावरून पुढे सरकल्या. पार्वतीबाईंनी त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं आणि हाक मारली, "सरजा, इकडे ये. तू घे."

बायकांत कुजबुज उठली. सरजाबाई विधवा, त्यातून पाणी शेंदणारी. सत्यशीलाबाईंना राहवलं नाही. "पार्वतीबाई, डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलेलंच होतं, वहिनी. तुम्ही सुनांना दाखवायला आणायचात ना, तेव्हा. आता औषधानं ताळ्यावर आलंय." आणि मग त्या सगळ्या बायकांकडे वळल्या. "ही नात आज या घरात आहे ती हिच्यामुळे. माझी मुलगी मला मिळाली ती हिच्यामुळे. हिचे उपकार मी कसे फेडू?"

सरजाबाई मागच्या दारात अवघडून उभी राहिली. आताच चार हंडे शेंदून झाले होते, दोरीचा चिखल हातांना होता. ते हात तिनं पदराआड लपवले.

"थांबा काकू, हात धुऊन येते."

पार्वतीबाईंनी बाळ उचललं आणि पाळण्यावरून पुढे केलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "आहेत तशाच हातांनी घे."